आठ वर्षांचा व्हॅम्पायर आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार

कथेत मोठा व्हॅम्पायर आणायचा तर एक अंधारी खोली आणि रक्ताची सोय एवढ्यावर भागतं. मूल व्हॅम्पायर करायचं ठरवलं की पहिला प्रश्न वेगळाच येतो: घरभाडं कोण भरणार? आठ वर्षांचं मूल करारावर सही करू शकत नाही. रात्री अकरा वाजता एकटं रिक्षात बसलं, तर रिक्षावाला मीटर टाकायच्या आधी "आई कुठंय तुझी?" विचारतो. बाल-व्हॅम्पायरच्या बहुतेक कथा इथेच फसतात. सुळे, लाल डोळे, गार हात यांवर चार पानं जातात आणि त्या मुलाचं रोजचं जगणं कोण चालवतं, हे सांगायचंच राहून जातं.

उदाहरणासाठी एकच पात्र धरू. आठ वर्षांची मुलगी. ठाणे खाडीच्या पलीकडे, आज नवी मुंबईत गेलेल्या एका गावात ती १९५६ साली व्हॅम्पायर झाली. आता घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये राहते. तिच्यासाठी काय काय ठरवावं लागतं ते पाहू.

वय नेमकं कुठे थांबलं?

"ती कायम आठच वर्षांची आहे" एवढ्यानं काही ठरत नाही. वयं तीन असतात: शरीराचं, मेंदूचं आणि अनुभवाचं. शरीर थांबलं हे गृहीतच आहे. मेंदूचं काय? स्वतःला आवरणं, परिणामांचा विचार करणं, थोडं थांबून घेणं ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाची, आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. तो आठव्या वर्षी गोठला, तर सत्तर वर्षांचा अनुभव गाठीशी असूनही ही मुलगी दहा मिनिटं धड वाट बघणार नाही आणि सापशिडीत हरली की पट उधळून देईल. मेंदू वाढू दिला, तर लहान देहात कोंडलेली एक म्हातारी हाती येते, आणि तिचा राग हेच कथेचं इंधन होतं.

दुसरा प्रकार इंग्रजीत भरपूर लिहून झालाय. पहिला लिहायला अवघड आहे, पण त्यात जीव जास्त. या मुलीला खूप काही माहीत असतं, फक्त त्याची प्रतवारी झालेली नसते. आई वारली आणि चिंचोक्यांची पिशवी कुणीतरी पळवली, या दोन्ही गोष्टी ती एकाच सुरात सांगते. त्यातली कुठली मोठी, हे तिला सत्तर वर्षांत कळलेलं नाही. असा एक तपशील दहा लाल डोळ्यांना भारी पडतो.

अनुभवाचं वय दाखवताना सन-सनावळ्या तपासून घ्या. १९५६ सालची शाळकरी मुलगी पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे घडाघडा म्हणते. तिच्या हिशेबात रुपयाचे सोळा आणे असतात, कारण नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७ला. महाराष्ट्र राज्य झालं १९६० साली, नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० साली. वाशी म्हटलं की तिला भातखाचरं आणि खाडीचा चिखल आठवतो, तोही सव्वाशे सेंटिमीटर उंचीवरून पाहिलेला. शेताचा बांध कमरेपर्यंत येणारा, बैलगाडीचं चाक तिच्याहून उंच.

मात्र तिची सगळी भाषा जुनी ठेवू नका. "अगं बाई", "इश्श" पेरून जुना काळ उभा राहत नाही. ती गेली सत्तर वर्षं इथेच वावरते आहे आणि खिडकीखाली खेळणाऱ्या पोरांचं बोलणं रोज ऐकते. तिचं बोलणं आजच्या मुलांसारखंच असेल, फक्त जरा शिळं: जो शब्द पोरांनी गेल्या वर्षी टाकून दिला तो ती आत्ता मोठ्या ऐटीत वापरेल. जुनं टिकतं ते आकडेमोडीत, खेळांच्या नियमांत आणि दचकल्यावर तोंडून निघणाऱ्या शब्दात. तेवढ्याच तीन जागी जुनं ठेवलं तरी पुरतं.

पालक

पात्रांच्या यादीत मुलीच्या आधी तिच्या पालकाचं नाव लिहा. पालक दोन प्रकारचा असू शकतो आणि दोन्हींची कथा अगदी वेगळी होते.

पालक स्वतः व्हॅम्पायर असेल, तर दोघांचीही वयं थांबलेली. सोय मोठी, पण नातं आहे त्याच जागी राहतं. पन्नास वर्षं तोच बाप, तीच लेक, तोच वाद. दीर्घकथेपर्यंत हे खपतं. कादंबरीत शंभरएक पानांनंतर वाचक जांभया देऊ लागतो.

पालक साधा माणूस असेल, तर तो म्हातारा होतो, आणि कथेला आपोआप काळ मिळतो. समजा, तिला सांभाळायला घेतलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. लोकांसमोर ती त्याला दादा म्हणायची. तो पस्तिशीला आला तेव्हा बाबा म्हणू लागली. साठीनंतर आजोबा. घरात, दार लावल्यावर, अजूनही दादाच. त्याच्या गुडघ्यांनी जिना चढणं सोडलंय आणि ती मात्र दोन-दोन पायऱ्या उड्या मारत वर जाते. हे नातं धरलंत तर पुढचा प्रश्न टाळता येणार नाही: दादाच्या मागे कोण? त्यानं आधीच कुणाला तयार करून ठेवलंय का, की ती स्वतःच नवा पालक हेरते आहे? या प्रकारातलं खरं भय तिच्या दातांत नाही, या प्रश्नात आहे.

इथे खऱ्या रक्तपिपासू वटवाघळाकडून बरंच घेता येतं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं हे वटवाघूळ पंचवीस ते चाळीस ग्रॅम वजनाचं असतं आणि दोन-तीन रात्री उपाशी राहिलं की मरतं. म्हणून पोट भरलेली वटवाघळं उपाशी सोबत्याला प्यायलेलं रक्त तोंडातून परत काढून भरवतात. पिल्लं आधी आईच्या दुधावर वाढतात, नंतर अशाच भरवलेल्या रक्तावर. मूल स्वतः शिकार करतं की त्याला भरवलं जातं, हे ठरवायला याहून चांगला आधार नाही. भरवलं जात असेल, तर दोष कुणाच्या माथी जातो तेही बदलतं.

शेजारी, वॉचमन आणि आधार कार्ड

शाळकरी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंच होतं आणि दोन-तीन किलोनं भरतं. जी वाढत नाही ती मुलगी शेजाऱ्यांच्या नजरेत यायला वर्ष-दीड वर्ष पुरतं. दोन वर्षांनंतर "डॉक्टरला दाखवलंत का?" सुरू होतं आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी डॉक्टरचा नंबरच आणून देतं. म्हणजे एका पत्त्यावरचा मुक्काम जास्तीत जास्त दोन वर्षं. आपल्याकडचा अकरा महिन्यांचा भाडेकरार या कामाला इतका चपखल आहे की त्याचा उपयोग कुणी का केला नाही याचं नवल वाटतं. एक करार, एक नूतनीकरण, की निघायचं. ठाण्यात नौपाडा, वर्तकनगर, मग ट्रान्स-हार्बर लोकलनं खाडीपलीकडे ऐरोली, कोपरखैरणे, खारघर. सात-आठ ठिकाणं फिरून पंधरा वर्षांनी पहिल्या जागी परत येता येतं, पण तिथली एखादी आजी तोवर जिवंत आणि चांगल्या नजरेची असली तर पंचाईत. ही आजी कथेत हवीच.

इमारत कुठली निवडायची यावर विचार करा. नौपाड्यातल्या तीन मजली जुन्या इमारतीत कॅमेरा नसतो, पण दूधवाला कुणाकडे किती पिशव्या टाकतो हेसुद्धा सगळ्यांना ठाऊक असतं. तीस मजली टॉवरमध्ये शेजाऱ्याचं आडनाव कुणाला माहीत नसतं, पण गेटवर नोंद होते, लिफ्टमध्ये कॅमेरा असतो आणि चित्रण साठवलेलं राहतं. जुन्या इमारतीत माणसं धोक्याची, नव्यात नोंदी. कथा संशयाची असेल तर जुनी इमारत घ्या, पाठलागाची असेल तर टॉवर.

कागदपत्रं टाळू नका. टाळलीत तर ठाण्याचा वाचक पहिल्याच पानावर ती विचारणार. शिक्षणहक्क कायदा २००९चा, वयोगट ६ ते १४. आठ वर्षांची मुलगी शाळेत का जात नाही, याचं उत्तर पालकाच्या तोंडावर तयार हवं. आधारसाठी पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्यानं करावी लागते. कागदावर पंधरा वर्षांची झालेली मुलगी केंद्रावर नेली तर खुर्चीत बसते ती आठ वर्षांची. एवढ्या एका प्रसंगावर अख्खं प्रकरण उभं राहील.

"तिला उन्हाचा त्रास होणारा दुर्मीळ आजार आहे" ही सबब फार वापरली गेली आहे आणि ती उलटते. आजाराचं नाव सांगितलं की प्रमाणपत्र आलं, तज्ज्ञ आला, सोसायटीच्या ग्रुपवर हळदीचा लेप आला. त्यापेक्षा "सकाळची शाळा आहे, दुपारी झोपते" ही थाप जास्त टिकते, कारण ती कंटाळवाणी आहे आणि कुणी पुढे विचारत नाही.

अंधार पडल्यावर एकटं मूल खाली दिसलं की माणसं थांबतात. वर्षातल्या काही रात्री मात्र सवलतीच्या: गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, कोजागिरी. त्या रात्री ती इतर मुलांत मिसळते, आणि याच रात्री तिच्यातलं मूल दाखवायला उत्तम. दिवाळीची पहाट त्याच्या उलट. राममारुती रोडवर आणि तलावपाळीवर अंधारातच गर्दी लोटते, सगळे नटूनथटून आलेले, आणि तास-दीड तासात उजाडणार असतं. घड्याळाकडे बघणारा दादा आणि "अजून थोडा वेळ" म्हणणारी ती, एवढं पुरे.

रक्ताचा हिशेब

आता आकडे, कारण इथे चुका सर्वात जास्त होतात. आठ वर्षांचं मूल साधारण १२५ सेंटिमीटर उंच आणि २५ किलो वजनाचं असतं. किलोमागे ७५ मिलिलिटर धरलं तर अंगातलं रक्त पावणेदोन ते दोन लिटर. मोठ्या माणसात ते सुमारे पाच लिटर. म्हणजे "तिनं त्याला कोरडा पिऊन टाकला" असं लिहिलंत, तर तिच्या स्वतःच्या अंगात मावेल त्याच्या अडीचपट रक्त तिच्या पोटात गेलं. ते कुठे गेलं? जादूनं गेलं म्हणायचं तर तसं स्पष्ट म्हणा. नाहीतर एका वेळी अर्धा लिटर, फार तर पाऊण.

हा आकडा हाती आला की कथा बदलते. मोठ्या माणसाचं पाऊण लिटर रक्त, म्हणजे पंधरा टक्क्यांपर्यंत, गेलं तर तो सहसा निभावून जातो; गरगरतं, घसा कोरडा पडतो. पुढे छातीत धडधड वाढते. चाळीस टक्के, म्हणजे दोन लिटर गेले तर जिवावर बेततं. त्यामुळे लहान व्हॅम्पायरला एकट्यानं माणूस मारणं पिऊन साधत नाही. मेला तर तो जखम उघडी राहिल्यानं, कुणी वेळेवर न आल्यानं. खून आणि अपघात यांच्या मधली ही जागा मुलाच्या पात्राला फार शोभते: "मी एवढंसंच घेतलं होतं."

रक्तात ऐंशी टक्के पाणी असतं. खरं वटवाघूळ पिता पिताच लघवी करू लागतं, नाहीतर त्याला उडताच येणार नाही. अर्धा लिटर प्यायलेल्या आठ वर्षांच्या मुलीला लवकरच बाथरूम लागणार, हे कुणी लिहीत नाही. लिहा. हसू येईल, आणि हसल्यावर भीती जास्त लागते.

रक्तपेढीची पिशवी हा सोपा मार्ग वाटतो. पिशवी ३५० किंवा ४५० मिलिलिटरची असते, २ ते ६ अंशांत ठेवावी लागते, संपूर्ण रक्त नेहमीच्या द्रावणात ३५ दिवस टिकतं. त्यात रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट असतं; चव कशी लागते ते तिच्या तोंडून येऊ द्या. घरच्या फ्रिजचं दार दिवसातून वीसदा उघडतं, वीज गेली की तापमान चढतं. मुख्य म्हणजे प्रत्येक पिशवीवर क्रमांक असतो आणि रक्तपेढीत तिची नोंद असते. पालक तिथे कामाला असेल तर चोरी कधी उघड होणार याची तारीख तुम्हाला आधीच माहीत हवी.

चावायचं कसं? उभ्या माणसाची मान तिच्या डोक्याच्याही वर असते. मोठं माणूस तिच्या उंचीवर येतं ते वाकल्यावर, आणि माणसं वाकतात ती "हरवलीस का गं बाळा?" विचारायला. तिची शिकार म्हणजे ज्याला तिची दया आली तो. निर्दय माणूस सरळ चालत जातो आणि वाचतो. हे गणित कथेत एकदा तरी मांडा.

दातांचंही असंच. आठव्या वर्षी वरचे मधले दोन दात नवे, मोठे. त्यांच्या शेजारचे पडलेले किंवा अर्धवट आलेले. आणि सुळे अजून दुधाचे. कायमचे वरचे सुळे येतात अकराव्या-बाराव्या वर्षी, म्हणजे हिला ते कधीच येणार नाहीत. दुधाचा सुळा आखूड, सहा-सात मिलिमीटरचा. मानेतली खोलवरची धमनी त्यानं फुटत नाही. कोपराच्या आतली, जिथून लॅबवाला रक्त काढतो ती शीर वरवर असते, तिथे जमेल. मारामारीत तो सुळा पडला तर परत येतो का, हे आधीच ठरवून ठेवा. येत नसेल, तर सत्तर वर्षांत तिचा एक सुळा नक्की गेलेला असणार.

आणि बळ. तिच्या अंगात दहा माणसांचं बळ दिलंत तरी वजन पंचवीस किलोच राहतं. सत्तर किलोचा माणूस ओढायला गेली तर तिचेच पाय फरशीवर घसरतील. तिला काहीतरी धरून ओढावं लागेल: जिन्याचा कठडा, दाराची चौकट.

नियम आपल्या घरात आणले की काय होतं

उन्हानं व्हॅम्पायर मरतो हा नियम वाटतो तेवढा जुना नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही फिरतो. ऊन जीवघेणं झालं ते १९२२च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटापासून. तेव्हा नियम सैल करायला तुम्ही मोकळे आहात. ठेवलात तर रात्रीचे तास मोजा. ठाण्यात डिसेंबरअखेर रात्र तेरा तासांची, जूनअखेर पावणेअकरा तासांची. जूनमध्ये आभाळ भरलेलं असतं. ढगाआडचं ऊन चालतं का, हे पावसाळ्यातलं पहिलं प्रकरण लिहिण्याआधी ठरवा.

आमंत्रणाशिवाय घरात शिरता येत नाही, हा नियम मुलाच्या बाबतीत ढासळतो. मोठ्या व्हॅम्पायरला उंबरठ्यावर गोड बोलावं लागतं. दारात मूल उभं दिसलं की आपल्याकडे कुणीही "ये गं, आत ये, बाहेर का उभी?" म्हणतं. नियमाची किंमतच शून्य. मग ती किंमत दुसरीकडे लावा: आत आल्यावर लाडू पुढे येतो, नाही म्हटलं तर "एवढासा तरी खा", आणि खाल्ला तर तिला तो पचत नाही. आत येणं सोपं, आत टिकणं कठीण.

लसणाचा तोडगा व्हॅम्पायरवर लागू पडतो असं मानलंत, तर संध्याकाळी साडेसातनंतर आपल्या कुठल्याही इमारतीचा जिना तिला बंद. प्रत्येक मजल्यावर फोडणी. पण कांदेनवमी उरकली आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागला की जी घरं कांदा-लसूण सोडतात त्यांचं कवच चार महिने उतरतं. धार्मिक घरंच उघडी पडतात, हा विरोधाभास परक्या कथेत मिळणार नाही.

युरोपातल्या लोककथांत व्हॅम्पायरपुढे दाणे सांडले तर तो मोजत बसतो. आठ वर्षांच्या मुलीला तो खेळच वाटेल. सांडलेल्या तांदळांशी ती पावकी म्हणत बसली आहे, असं करून बघा.

एका बाबतीत मात्र सूट नाही. तिच्याभोवती प्रेमप्रकरण, आकर्षण, सूचक वर्णन यातलं काहीही येता कामा नये. "खरं वय पंच्याहत्तरच्या वर आहे" ही पळवाट चालणार नाही. देह मुलीचा आहे आणि वाचकापुढे तोच उभा असतो. मेंदू मोठा झालेला असला तरी त्याचा एकटेपणा राग, भाषा, सत्ता, पैसा, मैत्री यांतून भरपूर दाखवता येतो. तिला मारण्याचं दृश्य लिहायची वेळ आली तर घाव कागदावर आणू नका. आधीचं ठरवणं आणि नंतरचं घर आवरणं लिहा. सुरी कुणाच्या हातात होती एवढं कळलं की बाकीचं वाचक स्वतः भरतो.

शेवट आणि मुंजा

वयात अडकलेलं मूल आपल्या लोककथेत आधीपासून आहे. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, अशी समजूत. अनेक लेखक हा मुंजा आणि व्हॅम्पायर एकत्र कालवतात आणि दोन्ही बिघडवतात. मुंजा विधी अर्धा राहिल्यानं अडकतो, म्हणून विधीनं सुटू शकतो. त्याला जागा असते, ती झाडाची. व्हॅम्पायर मूल चाव्यानं अडकतं, त्याला भूक असते, जागा नसते. ते भाड्याच्या घरांतून फिरतं. मिसळायचंच असेल तर एकाचाच नियम मुख्य ठेवा.

सुटकेचा शेवट हवा असेल तर मुंजाचा मार्ग मोहात पाडतो: राहिलेला विधी पूर्ण करा, मूल मोकळं होईल. पण आपल्या उदाहरणात तो बंद आहे, कारण ती मुलगी आहे आणि १९५६ साली तिच्या गावात मुलीची मुंज कुणी केली नसती. तो शेवट हवा तर पात्र मुलाचं करा. वय आठच राहू द्या. ब्राह्मणांत मुंजीचं वय परंपरेनं आठच धरतात. मुलगीच ठेवायची असेल तर तिचं राहिलेलं काय होतं ते दुसरीकडे शोधावं लागेल: चौथीची परीक्षा, धाकट्या भावाला दिलेलं वचन, चिंचोक्यांची पिशवी. ते पहिल्या वीस पानांत एकदा सहज येऊन गेलेलं असलं पाहिजे, नाहीतर शेवटी आणलेलं चिकटवल्यासारखं दिसतं.